विमानाच्या सोडतीचे तिकीट: घेण्याआधी काय तपासावे आणि विमान लागलेच तर काय करावे

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या एका वाचकाने पुढील प्रश्न विचारला आहे. एका विमान संग्रहालयाने निधी उभारण्यासाठी जुन्या, पण नव्याने रंगवलेल्या चार आसनी सेस्ना १७२ विमानाची सोडत जाहीर केली आहे. तिकीट १०० डॉलरचे असून ३,००० पेक्षा जास्त तिकिटे विकली जाणार नाहीत, आणि विमानाची किंमत ७०,००० डॉलर असल्याचे संग्रहालय सांगते. वाचक स्वतः खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहेत. तिकीट घ्यावे का, विमान लागले तर कर किती पडेल आणि भारतातील भावाच्या नावानेही एक तिकीट घेता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. लहान विमानांची देखभाल, वार्षिक तपासणी आणि वैमानिकांचे प्रशिक्षण हे माझे काम आहे. सोडतीत मिळालेली विमाने अधूनमधून माझ्या हँगरमध्ये तपासणीसाठी येतात, त्यामुळे त्यांच्यासोबत येणारी कागदपत्रेही पाहण्यात असतात. कराबद्दल खाली जे लिहिले आहे ते प्रचलित नियमांनुसार आहे, तरीही तुमचे विवरणपत्र भरणाऱ्या सीपीएला (अमेरिकेतील सनदी लेखापालाला) ते दाखवून घ्यावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे. ३,००० तिकिटांमागे एक ७०,००० डॉलरचे विमान म्हणजे १०० डॉलरच्या तिकिटाचे गणिती मोल साधारण २३ डॉलर होते, आणि कर वजा केल्यावर ते आणखी खाली येते. त्यामुळे हे तिकीट संग्रहालयाला दिलेली देणगी समजूनच घ्यावे. मात्र ही देणगी करसवलतीस पात्र नाही. सोडतीच्या तिकिटाचे पैसे, संस्था कितीही मान्यताप्राप्त असली तरी, धर्मादाय देणगी म्हणून वजा करता येत नाहीत, असे आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने, स्पष्ट केले आहे. संग्रहालयाचे काम तुम्हाला मनापासून आवडत असेल आणि १०० डॉलर गेल्याचे वाईट वाटणार नसेल, तर तिकीट जरूर घ्या. मात्र वैमानिक होण्याचा स्वस्त मार्ग म्हणून पाच-दहा तिकिटे घेण्याचा विचार असेल, तर तेच पैसे प्रशिक्षणाच्या तासांवर खर्च करा, असाच माझा सल्ला राहील.

तिकीट घेण्याआधी ही योजना नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे, कारण पुढचे बरेचसे नियम त्यावर ठरतात. पैसे भरून तिकीट घ्यावे लागते आणि निकाल नशिबावर ठरतो, ती राफल, म्हणजे सोडत. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने तो जुगाराचाच एक प्रकार आहे आणि धर्मादाय संस्थांना तो राज्याच्या परवानगीने चालवता येतो. फ्रेडरिक, मेरीलँड येथील एओपीए ही वैमानिकांची संघटना सदस्यांसाठी नूतनीकरण केलेली विमाने बक्षीस म्हणून देत आली आहे, परंतु त्या योजनेत काहीही खरेदी न करता नाव नोंदवता येते, म्हणून ती स्वीपस्टेक्स या वेगळ्या वर्गात मोडते. राज्याराज्यांतही मोठा फरक आहे. युटा आणि हवाई या राज्यांत जुगारावर सरसकट बंदी असल्याने अशी सोडत काढता येत नाही. कॅलिफोर्नियात विक्रीच्या एकूण रकमेतील किमान ९० टक्के रक्कम धर्मादाय कामासाठी वापरावी लागते आणि तिकिटे इंटरनेटवर विकता येत नाहीत. न्यू जर्सीत अशा खेळांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र आयोग आहे. आपल्या राज्यातून तिकीट घेणे वैध आहे की नाही, हे नियमावलीच्या बारीक अक्षरांत सहसा दिलेले असते, आणि तसे ते दिलेले नसेल तर संयोजकांची तयारी कच्ची आहे असे समजावे.

त्याच नियमावलीत आणखी एक कलम शोधावे. ठरावीक संख्येपेक्षा कमी तिकिटे विकली गेली तर विमान न देता जमलेल्या रकमेचा निम्मा भाग विजेत्याला देण्याची तरतूद अनेक सोडतींमध्ये असते. त्यात गैर काही नाही, परंतु ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी. विमानाऐवजी रोख रक्कम घेण्याचा पर्याय आहे का आणि विमान किती दिवसांत हलवावे लागेल, हेही तिथेच कळते.

त्यानंतर विमानाच्या शेपटीवरील एन-क्रमांक (नोंदणी क्रमांक) घेऊन एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नोंदणी संकेतस्थळावर शोध घ्यावा. ही माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. मालक म्हणून संग्रहालयाचे नाव दिसले तर उत्तम. दुसऱ्याच कोणाचे नाव असेल तर विमान अजून विकत घ्यायचे आहे, की देणगीदाराने ते अद्याप हस्तांतरित केलेले नाही, हे संयोजकांना लेखी विचारावे. विमानावर कर्जाचा बोजा आहे का, हे ओक्लाहोमा सिटीतील एफएए रजिस्ट्रीच्या दप्तरात नोंदलेले असते आणि तिथल्या टायटल कंपन्या थोड्या शुल्कात तो शोध घेऊन देतात, परंतु हा खर्च तिकिटासाठी नव्हे, तर विमान लागल्यानंतर करावा. त्याच क्रमांकाने एनटीएसबी या अपघात तपास संस्थेच्या अपघात नोंदीही पाहून घ्याव्यात. संस्थेची करमुक्त नोंदणी आयआरएसच्या शोधपानावर दिसते, आणि वर्षाला १५,००० डॉलरपेक्षा जास्त रक्कम अशा खेळांतून जमवणाऱ्या संस्थेला फॉर्म ९९० या वार्षिक विवरणपत्रासोबत अनुसूची जी जोडून त्याचा हिशेब द्यावा लागतो. मागील वर्षांची ही अनुसूची वाचली की, जमलेल्या पैशांपैकी किती पैसे खरोखर कामाला लागले, याचा अंदाज येतो.

आता कराकडे वळू. सोडतीत मिळालेले विमान हे करपात्र उत्पन्न आहे आणि त्याचा वाजवी बाजारभाव तुमच्या त्या वर्षीच्या पगारात मिळवला जातो. बक्षिसाच्या किमतीतून तिकिटाची रक्कम वजा करून उरलेला आकडा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर संस्थेला २४ टक्के केंद्रीय कर आगाऊ कापून आयआरएसकडे भरावा लागतो आणि विजेत्याला फॉर्म डब्ल्यू-२जी (बक्षीस आणि कापलेला कर यांची नोंद) द्यावा लागतो. रोख बक्षिसातून कर कापणे सोपे असते, परंतु विमानाचा पंख कापून तो आयआरएसकडे पाठवता येत नाही, म्हणून विजेत्याने ही रक्कम स्वतःच्या खिशातून संस्थेला द्यायची असते. तुमच्या उदाहरणात ६९,९०० डॉलरवर २४ टक्के म्हणजे १६,७७६ डॉलर होतात, आणि हे पैसे विमानाची चावी हातात येण्याआधी मोजावे लागतात. एखादी संस्था उदारपणे हा कर स्वतः भरते, परंतु मग तो करही बक्षिसाचाच भाग ठरतो, म्हणून अशा वेळी दर ३१.५८ टक्के धरला जातो आणि रक्कम २२,०७४ डॉलरच्या आसपास जाते. कर न कापता विमान देऊन टाकले तर त्या कराची जबाबदारी संस्थेवर येते. म्हणून संयोजक या बाबतीत ताठर वागले तर राग मानू नये.

इथे एक गोंधळ हमखास होतो. बक्षीस मिळवण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस ठक असतो, असे आपल्याला सांगितले जाते, आणि एरवी ते खरेच असते. इथे मात्र खरी संस्थाही आधी पैसे मागते. फरक ओळखण्याची खूण अशी, की खरी संस्था तुमच्याकडून फॉर्म डब्ल्यू-९ (तुमचे नाव आणि करदाता क्रमांक देणारा) भरून घेते, स्वतःचा करदाता क्रमांक देते, हिशेब लेखी मांडते आणि त्या रकमेचा उल्लेख डब्ल्यू-२जीमध्ये करते. प्रक्रिया शुल्क, सीमाशुल्क, विमोचन शुल्क अशा नावांनी, गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टोच्या रूपात कोणी पैसे मागितले, तर पुढे बोलण्याची गरज नाही.

कापलेले २४ टक्के हा अंतिम कर नव्हे. पगारावर ७०,००० डॉलरची भर पडल्याने तुमच्या कराचा वरचा टप्पा बदलू शकतो, राज्याचा आयकर वेगळा असतो (टेक्सास आणि फ्लोरिडात तो नाही, कॅलिफोर्नियात तो बराच आहे), आणि उत्पन्नाच्या मर्यादेवर अवलंबून असलेल्या काही सवलती त्या वर्षापुरत्या हातून जाऊ शकतात. राज्याचा विक्री किंवा वापर कर बक्षिसाच्या विमानावर लागतो का, हे राज्यनिहाय बदलते, म्हणून ते तुमच्या राज्याच्या महसूल विभागाकडूनच विचारून घ्यावे. एकूण हिशेबासाठी विमानाच्या किमतीच्या सुमारे एक तृतीयांश रक्कम बाजूला काढता येत नसेल, तर विमान ठेवण्याचा विचार करू नये, हे माझे ठोकताळ्याचे माप आहे.

या सगळ्यात वाद घालण्याजोगा आकडा एकच आहे, आणि तो म्हणजे बाजारभाव. संग्रहालयाचा ७०,०००चा आकडा बऱ्याचदा नूतनीकरणावर झालेला खर्च, देणगीदाराचा अंदाज आणि जाहिरातीचा उत्साह यांतून आलेला असतो. कायद्याला हवा असतो तो, राजीखुशीने घेणारा आणि देणारा ज्या किमतीला सौदा करतील तो भाव. इंजिनाचे तास संपत आले असतील आणि आतील उपकरणे जुनी असतील, तर तेच विमान ५५,०००चे असू शकते, आणि त्या १५,०००च्या फरकाने आगाऊ कपातच ३,६०० डॉलरने कमी होते. म्हणून विमान स्वीकारण्यापूर्वीच स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे आणि ते संस्थेसमोर ठेवावे. विमान लगेच विकले, तर परक्या ग्राहकाने मोजलेली किंमत हाही भावाचा चांगला पुरावा असतो. आणि बक्षीस नकोच असेल, तर ते स्वीकारण्याआधी लेखी नाकारावे. एकदा ते स्वीकारले की ते उत्पन्न झाले.

तुमच्या व्हिसाचा भाग वेगळा आणि महत्त्वाचा आहे, कारण निवासी या शब्दाचा अर्थ आयआरएस आणि एफएए यांच्या लेखी एक नाही. अमेरिकेत पुरेसे दिवस राहिल्यामुळे एच-१बीधारक सहसा करासाठी निवासी ठरतो, म्हणून वरचा २४ टक्क्यांचा हिशेब त्याला लागू होतो. करासाठी अनिवासी असलेल्या विजेत्याच्या बाबतीत मात्र ३० टक्के कपात होते आणि फॉर्म १०४२-एस मिळतो. याउलट, विमानाची नोंदणी स्वतःच्या नावावर करण्यासाठी एफएएला अमेरिकी नागरिकत्व किंवा कायम निवासाचा दर्जा, म्हणजे ग्रीन कार्ड, लागते. एच-१बी तिथे चालत नाही. नोंदणी नसलेले विमान उडवता येत नाही. थोडक्यात, तुम्ही विमान जिंकू शकता, त्यावर कर भरू शकता आणि त्याचे मालकही होऊ शकता, परंतु नोंदणीच्या अर्जावर तुमची सही चालणार नाही.

यावर तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे अमेरिकी विश्वस्ताच्या नावावर विमान ठेवणारा ट्रस्ट. ही कायदेशीर आणि रूढ पद्धत आहे, परंतु विश्वस्ताचे शुल्क दरवर्षी द्यावे लागते आणि एका जुन्या १७२साठी ते मला महाग वाटते. दुसरी वाट कंपनीची. कंपनी अमेरिकी नागरिक ठरण्यासाठी तिचा अध्यक्ष आणि दोन तृतीयांश संचालक नागरिक असावे लागतात आणि मतदानाचे ७५ टक्के हक्क नागरिकांकडे असावे लागतात. तसे नसेल तर अमेरिकेत स्थापन झालेली आणि तिथे व्यवसाय करणारी कंपनी नोंदणी करू शकते, परंतु विमानाचे ६० टक्के उड्डाणतास अमेरिकेतच भरल्याचे दाखवावे लागते. केवळ नोंदणीसाठी कंपनी काढताना आणि विशेषतः विमान प्रशिक्षण संस्थेला भाड्याने देऊन पैसे मिळवण्याचा बेत असताना, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. तिसरी वाट म्हणजे विक्री. संग्रहालयाने तुमच्या नावे करून दिलेले विक्रीपत्र आणि तुम्ही ग्राहकाला करून दिलेले विक्रीपत्र, ही दोन्ही एफएएकडे एकत्र सादर केली की मालकीची साखळी पूर्ण होते. तुमच्या परिस्थितीत हीच वाट मला सर्वात सरळ वाटते.

चार मित्रांनी मिळून तिकीट घेण्याचा बेत असेल, तर कोणाचा किती वाटा हे सोडतीपूर्वी लिहून ठेवावे आणि विमान लागल्यावर संस्थेला फॉर्म ५७५४ भरून द्यावा, म्हणजे प्रत्येकाच्या नावे त्याच्या वाट्याचाच डब्ल्यू-२जी निघतो. हे केले नाही तर सगळे उत्पन्न एकाच्याच माथी बसते. मात्र सहमालकांपैकी प्रत्येक जण नोंदणीस पात्र असावा लागतो, हे विसरू नये.

विमान ठेवायचे झाले तर काय, याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण माझे खरे काम तेच आहे. सोडतीच्या विमानांमध्ये एक विशेष दोष आढळतो, आणि तो वयाचा नसून निष्क्रियतेचा असतो. तिकिटे विकली जात असतात तोवर विमान हँगरमध्ये किंवा मेळाव्यांत शोभेसाठी उभे असते. त्याला चकाकी येते, पण ते उडत नाही. १९६८ पासूनच्या सेस्ना १७२मध्ये लायकमिंगचे ओ-३२० इंजिन अनेक वर्षे बसवले जात असे, आणि या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. इंजिन बंद राहिले की त्यावरचे तेल निथळून जाते, हवेतील ओलावा उघड्या पोलादावर बसतो आणि कॅमवर व टॅपेटच्या (कॅमला टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या) तोंडावर गंजाचे बारीक ठिपके पडतात. पुढे इंजिन चालू झाले की ते ठिपके खवल्यांसारखे सुटू लागतात. १९७७ ते १९८० मधील १७२एन विमानांतील ओ-३२०-एच२एडी इंजिन याच कॅम आणि टॅपेटच्या झिजेसाठी ओळखले जाते. म्हणून विमानाचे वर्ष आणि उपप्रकार आधी पाहावा.

तपासणी करताना तेलाची चाळणी आधी काढावी. तिचे पत्र्याचे आवरण चाळणी कापण्याच्या खास कटरने उघडायचे, आतील कागदी घड्या पात्याने कापून पट्टीसारख्या पसरायच्या, तेल पिळून काढायचे आणि पट्टी उन्हात धरायची. दोन-चार बारीक चमकते कण सगळ्यांतच असतात. पट्टी वाकवताना चंदेरी रेती हलावी तशी चमक दिसली आणि त्या कणांना चुंबक लावल्यावर ते उचलले गेले, तर ते पोलाद आहे, आणि मग सिलिंडर काढून कॅम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो याची, चाचणी ८० पौंडांच्या दाबावर होते आणि कागदावर ७४/८० असे सुंदर आकडे येऊनही कॅम खराब असू शकतो, कारण ती चाचणी फक्त रिंग आणि व्हॉल्व्ह यांच्याबद्दल सांगते. व्हॉल्व्हची अवस्था पाहण्यासाठी बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालावा. १७२मध्ये आणखी एक जागा मी हाताने चाचपतो, आणि ती म्हणजे वैमानिकाच्या आसनाखालचे रूळ. आसन जागेवर धरणाऱ्या खिळीची भोके झिजून लांबट होतात आणि उड्डाणाच्या क्षणी आसन मागे सरकते. या दोषाने अपघात झालेले आहेत, आणि एफएएचा २०११-१०-०९ हा सक्तीचा निर्देश त्यासाठीच आहे. नव्या गालिच्याखाली जुने रूळ तसेच ठेवलेले असू शकतात, म्हणून रंग आणि गालिचा पाहून कोणी मोहून जाऊ नये.

कागदपत्रांत तिन्ही लॉगबुके, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि पंखा यांची, सलग असावीत. लॉगबुकातील वर्षे गहाळ असतील तर विमानाची किंमत लक्षणीय घसरते, आणि हा मुद्दा वरच्या मूल्यांकनातही उपयोगी पडतो. मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म ३३७ एफएएकडील नोंदींशी ताडून पाहावेत. ओ-३२० इंजिनासाठी निर्मात्याने सुचवलेली मर्यादा २,००० तासांची आहे, आणि किती तास झाले एवढेच नव्हे, तर ते किती वर्षांत झाले, हेही विचारावे. वार्षिक तपासणी दर १२ महिन्यांनी बंधनकारक आहे. तिची मुदत संपली असेल तर एफएएच्या स्थानिक कार्यालयाकडून एका फेरीपुरता खास परवाना घेऊनच विमान हलवता येते.

विमा या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. विक्रीपत्रावर सही झाली त्या क्षणापासून विमानाचे नुकसान तुमचे असते, त्यामुळे विम्याचे पत्र सहीपूर्वी हातात असावे. शिकाऊ वैमानिकाला विमा मिळतो, परंतु महाग, आणि प्रशिक्षकासोबत ठरावीक तास उडण्याच्या अटीवर. विमान आणून देणाऱ्या वैमानिकाचे नाव त्या पॉलिसीत बसते का, हेही विचारून घ्यावे. हँगर मिळवण्यासाठी अनेक विमानतळांवर प्रतीक्षायादी असते, आणि उघड्यावर उभे केलेल्या विमानाचा नवा रंग फार काळ टिकत नाही.

प्रशिक्षणाबाबत एवढेच सांगतो की, परदेशी नागरिक म्हणून टीएसए या अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेची मंजुरी तुम्ही घेतलीच असेल, आणि स्वतःच्या विमानात शिकले तरी ती लागतेच. २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या नियमांमुळे स्पोर्ट पायलट या खाजगी परवान्यापेक्षा मर्यादित परवान्यावरही सेस्ना १७२सारखी विमाने उडवता येतात, पण सोबत एकच प्रवासी नेता येतो. त्यामुळे अर्ध्या वाटेवर असलेल्या विद्यार्थ्याने आपल्या प्रशिक्षकाशी या पर्यायाबद्दल बोलायला हरकत नाही.

राहिला भावाचा प्रश्न. भारतातून लॉटरीची तिकिटे, स्वीपस्टेक्स आणि तत्सम गोष्टींसाठी परकीय चलन पाठवणे हे फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याखालील २००० सालच्या चालू खाते नियमांच्या पहिल्या अनुसूचीत थेट प्रतिबंधित आहे, त्यामुळे त्यांनी स्वतः पैसे पाठवून तिकीट घेण्याचा मार्ग बंद आहे. तुम्ही तुमच्या पैशांनी त्यांच्या नावाने घ्यावे, तर सोडतींचे नियम बहुधा अमेरिकेतील प्रौढ रहिवाशांपुरते मर्यादित असतात, विमान लागल्यास कपात ३० टक्क्यांनी होते आणि नोंदणीची अडचण तुमच्याइतकीच त्यांनाही येते. तिकीट तुमच्याच नावाने घ्या, आणि पैसे भरण्यापूर्वी रोख पर्याय आहे का व विमान हलवण्याची मुदत किती, या दोन गोष्टी संग्रहालयाकडून ईमेलने लेखी मागवून घ्या.